आमच्याकडे यंदा कूलर नाही लावला

‘मॅडम, घरात त्याचं नाव काढावं की नाही?’

नागपुरात धंतोलीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न वेगवेगळे कपडे घालून येत राहतो. कोणी फोटोचं विचारतं, हॉलमध्ये लावायचा की आतल्या खोलीत. कोणी मोबाइलचं विचारतं. नंबर बंद करवत नाही, पण दर महिन्याला रिचार्ज मारताना हात कापतो. कोणाला कपाटातल्या शर्टांचं काय करायचं ते कळत नाही. एका आजीनं तर विचारलं होतं, ‘त्याच्या आवडीची सांबारवडी करू की नको? केली तर सून रडते, नाही केली तर मी रडते.’ गेलेल्या माणसाला घरात किती जागा द्यायची, हाच त्या सगळ्यांच्या मनातला पेच असतो.

नातेवाईक यावर एक ठरलेला सल्ला देतात. ‘विषयच काढू नका तिच्यासमोर, तिला त्रास होतो.’ मग आईला त्रास नको म्हणून बाप बोलत नाही, बापाचं बीपी वाढेल म्हणून आई बोलत नाही आणि दोघांकडे पाहून मुलं बोलत नाहीत. सगळे एकमेकांना सांभाळत असतात आणि घर मुकं होत जातं. हे मी इतक्या घरांत पाहिलंय, की आता दारातून आत येणाऱ्या कुटुंबाच्या बसण्यावरूनच मला ओळखू येतं. सोफ्यावर माणसं जवळजवळ बसतात, नजरा मात्र तीन दिशांना.

त्यातल्या एका घराची ही गोष्ट. नावं आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. लिहू का, असं मी विचारलं तेव्हा आई म्हणाली, ‘लिहा ना. पण त्याचं नाव चांगलं ठेवा.’ म्हणून मी त्याला माधव म्हणते.

सुमनताई जानेवारीत आल्या. लेकीनं, वर्षानं, जवळजवळ ओढूनच आणलं होतं. मानेवाड्याकडे त्यांचं दोन खोल्यांचं घर. माधव ऑक्टोबरमध्ये गेला होता. नागपुरात पावसाळा सरताना डेंग्यू डोकं वर काढतो, त्यात ताप आला आणि सहाव्या दिवशी सगळं संपलं. वय अठ्ठावीस.

पहिल्या भेटीत मी विचारलं, ‘कसा होता माधव?’

‘देवमाणूस होता.’

‘म्हणजे कसा?’

‘देवमाणूस होता मॅडम. सारे म्हणतात.’

यापुढे त्या गेल्या नाहीत. माहिती दिली ती वर्षानं. वडील ऑटो चालवायचे. नऊ वर्षांपूर्वी त्यांना लकवा झाला, उजवा हात आणि वाचा गेली. हात पुढे बराचसा सुधारला, वाचा थोडीच परतली. माधवचं आयटीआय तेव्हा नुकतंच पूर्ण होत होतं. त्यानं घर उचललं. वायरिंगची कामं, मोटरचं वाइंडिंग, उन्हाळ्यात कूलर दुरुस्ती. बहिणीचं लग्न त्यानं केलं, धाकट्या निखिलची इंजिनीअरिंगची फी तोच भरत होता. एवढं सगळं करून दर संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेला हजर. खंजिरी त्याची.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत १९०९ साली जन्मलेले तुकडोजी महाराज आमच्याकडे खंजिरीच्या ठेक्यावर घराघरांत पोचले. गाव झाडण्यापासून हुंडा बंद करण्यापर्यंत त्यांनी जे जे सांगितलं, ते ग्रामगीतेच्या ४१ अध्यायांत आहे. पहाटे ध्यान, संध्याकाळी प्रार्थना, डोक्यावर भगवी टोपी आणि भेटल्यावर ‘जय गुरू’, अशी माणसं इथे वस्त्यावस्त्यांतून भेटतात. माधव एकोणिसाव्या वर्षी त्यांच्यात गेला. वडिलांच्या लकव्याचंच ते वर्ष. त्याच्या मरणानंतर बारा दिवसांनी गुरुकुंज मोझरीला, महाराजांच्या आश्रमात, त्यांची पुण्यतिथी होती आणि वस्तीतल्या सतरा जणांसाठी त्यानं गाडी ठरवून ठेवली होती. गाडीवाला ॲडव्हान्स परत द्यायला घरी आला, तेव्हा सुमनताईंनी दार उघडलं नाही.

चौकात फ्लेक्स लागला होता. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, दोन्ही बाजूंना पणत्या आणि मध्ये माधव, भगव्या टोपीत, गंभीर. वर्षानं मला मोबाइलवर त्याचा मूळ फोटो दाखवला. तिच्याच लग्नातला. त्यात माधवच्या हातात वरणाची बादली आहे आणि तो कोणावर तरी खेकसतोय. फ्लेक्सवाल्यानं बादली कापली होती. तो फोटो मी बराच वेळ पाहत राहिले. पुढे काय होणार आहे ते तेव्हा मला कळलं होतं असा दावा मी करणार नाही, पण ती कापलेली बादली डोक्यात राहिली.

आता माझ्या चुका.

तिसऱ्या भेटीत मी सुमनताईंना सांगितलं, ‘माधवला एक पत्र लिहा. मनात आहे ते सगळं.’ आमच्या व्यवसायात हे सर्रास सांगितलं जातं, पुष्कळांना उपयोगही होतो. पुढच्या वेळी त्यांनी वहीचं पान आणलं, चार घड्या घातलेलं. कोरं.

‘मी त्याले कधी पत्रच नाही लिहिलं मॅडम. तो समोरच राहे. काय लिहू?’

सातवीपर्यंत शिकलेल्या आणि जन्मभर मुलाशी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून बोललेल्या बाईला मी पत्र लिहायला सांगितलं होतं. पान मी ठेवून घेतलं. अजून माझ्या खणात आहे, माझे पाय जमिनीवर ठेवायला.

दुसरी चूक मोठी. चौथ्या भेटीत तो प्रश्न आलाच, जो येणार हे मला माहीत होतं. ‘इतकं देवाचं करे. एक दिवस प्रार्थना नाही चुकवली. दारू पिणारे, बायकोले मारणारे सारे धडधाकट फिरून राहिले. त्यालेच कायले नेलं?’

मी ज्या पिढीत घडले, तिच्यावर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ विचारांचा आणि तो मराठीत रुजवणाऱ्या कि. मो. फडके यांचा मोठा प्रभाव आहे. माझ्यावरही आहे, आणि चिंता, राग, न्यूनगंड यांत ती शिकवण मला आजही भक्कम वाटते. त्याच वाटेनं मी निघाले. ‘चांगल्या माणसाचं वाईट होऊ नये’ ही आपली इच्छा असते, तिचं आपण नियमात रूपांतर करतो आणि नियम मोडला की कोसळतो, असं काहीतरी सोप्या शब्दांत मांडत होते. सुमनताईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

‘मॅडम, तुमाले पोरं किती?’

‘एक मुलगी आहे.’

‘मंग राहू द्या.’

रागावून म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दयेनं म्हणाल्या. त्या दिवसानंतर ‘त्यालाच का’ या प्रश्नाला मी उत्तर देत नाही. उत्तर माझ्याकडे नाही, आणि समोरच्यालाही बहुतेक ते नको असतं. तो प्रश्न हंबरडा असतो. हंबरड्याला काही कोणी उत्तर देत नाही, शेजारी बसतो.

इथे थोडं विषयांतर. मी शिकत होते तेव्हा शोकाबद्दल दोन गोष्टी पक्क्या मानल्या जात. एक, शोक पाच टप्प्यांनी जातो. आजही शिकलेले नातेवाईक मला विचारतात, ‘ती अजून रागाच्याच टप्प्यात आहे का?’ जणू नागपूर-मुंबई गाडी कुठवर आली ते विचारताहेत. एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ साली ते टप्पे मांडले, ते स्वतःचं मरण समोर दिसणाऱ्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्या आईच्या हातात द्यायचं ते वेळापत्रक नव्हतं. दुसरी समजूत अशी की गेलेल्या माणसापासून मन सोडवून घेतलं की माणूस बरा होतो. १९९६ साली डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिला उघड छेद दिला. क्लास मूल गमावलेल्या आईबापांमध्ये वर्षानुवर्षं बसले होते, आणि त्यांना दिसलं ते असं की नातं तुटत नाही, ते घरात वेगळी जागा शोधतं. मी हे वाचलं तेव्हा हसूच आलं. पितृपक्षात पान वाढून कावळ्याची वाट पाहणाऱ्या आपल्या आज्यांना हे वेगळं सांगायची गरज नव्हती. गरज आम्हा शिकलेल्यांना होती.

तर एप्रिल.

नागपूरचा एप्रिल ज्यानं काढलाय त्याला सांगायला नको. बाहेर ४३-४४, रस्ते दुपारी ओस, तोंडाला दुपट्टे बांधलेल्या मुली तेवढ्या गाड्यांवर. सुमनताई आल्या त्या घामानं थबथबलेल्या. मी पाणी दिलं आणि सहज म्हटलं, ‘रात्री झोप तरी लागते का या गर्मीत?’

‘आमच्याकडे यंदा कूलर नाही लावला.’

‘बिघडला का?’

‘नाही. मागे ठेवला आहे झाकून.’ मग जरा थांबून, ‘तोच लावे.’

होळी झाली की माधव सगळ्या नातलगांचे कूलर लावून द्यायचा, हे वर्षानं सांगितलं होतं. मोठ्या आत्याचा, मामाचा, गल्लीतल्या एका एकट्या बाईचा, आणि सगळ्यात शेवटी स्वतःच्या घरचा. ज्या घरानं शहरभर थंड हवा पोचवली, ते यंदा उकडत बसलं होतं. आणि या चार महिन्यांत कोणी एक शब्द काढला नव्हता. निखिल पोरका चेहरा करून गच्चीवर झोपायला जाई, वडील ओला पंचा अंगावर घेऊन पडत.

मी पत्राची चूक परत करणार नव्हते. एवढंच विचारलं, ‘मला कूलर लावता येत नाही ताई. माधव कसा लावायचा, सांगा बरं.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ही बाई खरंच विचारतेय की काही युक्ती करतेय, ते जोखलं असावं. मग सुरुवात केली, सावकाश. आधी तो लोखंडी स्टँड धुई. मग कूलरच्या आतलं वर्षभराचं जाळं, पालीची अंडी, सगळं काढे. जुनी खस उपटून फेके, नवीन ताट्या इतवारीतून आणे, ‘इथल्या दुकानात लुटतात’ म्हणून. पंप बादलीत टाकून पाहे. निखिलनं टॉर्च धरायचा, आणि टॉर्च हलला की ओरडे, ‘भैताडा, उजेड इकडे पाड!’ एकदा तर स्विच बंद न करताच हात घातला आणि शॉक लागून असा उडाला, की टाकीतलं सारं पाणी बाबांच्या अंगावर. इलेक्ट्रिशियन म्हणे!

त्यांचा आवाज बदलत होता. मी हललेसुद्धा नाही.

‘आणि सारं झाल्यावर कूलर सुरू करे ना, तर पह्यली हवा कोणालेच घेऊ नाही दे. स्वतः जाऊन पंख्यासमोर तोंड घाले आणि जोरात म्हणे, जय गुरू! तर ते पंख्यात कापल्या जाये, ज-ज-जय गु-गु-गु-रू!’

त्यांनी ते करून दाखवलं. गालावर बोटं टेचत, लहान मुलं करतात तसं. आणि हसल्या. मोठ्यानं, दात दिसेपर्यंत.

पुढच्याच क्षणी तोंडावर हात गेला. डोळे विस्फारलेले. ‘हसली मी, मॅडम.’

मला खूप काही म्हणता आलं असतं. हसलात म्हणजे विसरला नाहीत, वगैरे. ते खरंही आहे आणि नंतर कधीतरी म्हणालेही. त्या वेळी मी फक्त विचारलं, ‘मग बाबांच्या अंगावर पाणी सांडलं तेव्हा ते काय म्हणाले?’

त्या पाऊण तास बोलल्या. माधव चिडका होता. माधव हट्टी होता. दोन स्थळं त्यानं परत पाठवली, कारण लग्न सामुदायिक विवाह सोहळ्यातच करणार, वरात नाही, हुंडा नाही. ‘मले बँड पाहिजे होता मॅडम. मोठ्या पोराचं लग्न, आणि बँड नाही? दोन महिने बोलली नाही मी त्याच्याशी नीट.’ माधव पैसे कोणाला उसने देई ते घरात सांगत नसे, तो गेल्यावर तिघं जण येऊन परत करून गेले आणि चौथा अजून फिरकला नाही. प्रार्थनेत त्याचा सूर लागत नसे, ठेका मात्र पक्का. तो घरात सर्वांत आधी जेवे, पण शेवटची पोळी आईच्या ताटात आहे की नाही ते पाहून उठे.

पाऊण तासात ‘देवमाणूस’ हा शब्द एकदाही आला नाही.

माझ्या ते तिथेच लक्षात आलं, आणि लक्षात आलं याचा मला आनंद झाला हे कबूल करते. चौकातल्या फ्लेक्सनं, प्रार्थनेच्या मंडळातल्या भाषणांनी, भेटायला येणाऱ्या प्रत्येकानं सुमनताईंच्या मुलाचा पुण्यात्मा करून टाकला होता. चांगल्या हेतूनंच. पण पुण्यात्म्याला आई नसते. त्याच्यावर बँडसाठी रुसता येत नाही, त्याची नक्कल करता येत नाही. त्यांनी मुलगा एकदा डेंग्यूत गमावला होता आणि दुसऱ्यांदा श्रद्धांजलीत. म्हणूनच त्या प्रार्थनेला जायचं टाळत होत्या. घरच्यांना वाटत होतं, त्यांचा देवावरचा विश्वास उडालाय. त्यांना तिथे फक्त त्या अनोळखी, गुळगुळीत माधवला भेटायचं नव्हतं.

म्हणून माझं सांगणं आहे, गेलेल्याची आठवण काढताना त्याची बादली कापू नका. त्याचे राग, खोड्या, उधारी, न लागणारा सूर, सगळं येऊ द्या. ‘मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये’ हे बाहेरच्यांसाठी ठीक आहे. घरच्यांना ते लागू करायची गरज नाही. आणि बोलायला बसायचं म्हणून बसू नका. ‘चला, आज आपण त्याच्याबद्दल बोलू या’ असं म्हटलं की सगळे मान खाली घालतात. हातात काम असलं की तोंड सुटतं. भाजी निवडताना, पंखा पुसताना, कूलर लावताना.

सुमनताईंना मी एवढंच काम दिलं, की कूलर लावा. निखिलकडून लावून घ्या, तुम्ही टॉर्च धरा.

रविवारी त्यांनी लावला. ताट्या निखिलनं उलट्या बसवल्या, पाणी खोलीभर. शेवटी सुरू झाला तेव्हा कोणीच समोर जाईना. मग निखिल गेला, पंख्यासमोर वाकला आणि म्हणाला, ‘जय गुरू.’ आवाज कापला गेला. वर्षा रडली, सुमनताई रडल्या, आणि वडील उठून बाहेर निघून गेले. ते रात्री दहाला परतले.

‘तेवढं बाकी बिघडलं मॅडम,’ सुमनताई म्हणाल्या. ‘आमच्या यायले नाही सोसलं.’

मला ते बिघडल्यासारखं वाटलं नाही. जो उठून जातो त्याच्याकडे काहीतरी असतं, हा माझा अनुभव. ‘पुढच्या वेळी काकांना घेऊन या,’ मी म्हटलं.

काका, म्हणजे माधवचे वडील, मे महिन्यात आले, ऐन नवतप्यात, उन्हाळ्यातल्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत. खुर्चीच्या काठावर बसले. बोलणं अजून जड, शब्द ओठांच्या एका कोपऱ्यातून येत. पहिली वीस मिनिटं काहीच नाही. मग म्हणाले, ‘मले एक सांगायचं आहे. हिच्यासमोर नाही.’

सुमनताई उठू लागल्या. मी त्यांना थांबवलं नाही, काकांकडे पाहिलं. काका बऱ्याच वेळानं म्हणाले, ‘बस. तू बी ऐक.’

माधवनं टोपी घातली तेव्हापासून घरात मटण बंद झालं होतं. त्यानं सक्ती केली नव्हती, पण तो खात नाही म्हणून आईनं करणं सोडलं. काका मात्र सावजीचे, म्हणजे नागपुरी झणझणीत मटणाचे, शौकीन. नऊ वर्षं ते महिन्यातून एखादेवेळी चोरून सावजी भोजनालयात जाऊन येत, आल्यावर बडीशेप चावत. सप्टेंबर संपताना असेच खाऊन आले. दारातच माधव. ‘तोंड धुऊन या बाबा,’ एवढंच तो म्हणाला. काकांचा पारा चढला. लकवा झाल्यापासून मुलाच्या कमाईवर जगतोय, मुलगा औषध देतो, मुलगा सांगेल तेव्हा फिरायला जायचं. सगळं उफाळून आलं. ‘तू माझा बाप आहेस का?’ असं ओरडले. गल्लीत ऐकू जाईल एवढ्यानं. माधव काही बोलला नाही, आत गेला.

चार दिवसांनी ताप.

‘मन दुखवून पाठवला मी त्याले,’ काका म्हणाले. ‘तेव्हापासून तिखट तोंडात नाही घालत.’

सुमनताईंना हे ठाऊक नव्हतं. ते फिकं जेवतात, डॉक्टरांनी सांगितलं असेल, असं त्या धरून चालल्या होत्या. त्या नवऱ्याकडे वळून बघत राहिल्या. चेहऱ्यावर आधी गोंधळ, मग काहीतरी आठवत गेल्यासारखं.

‘अहो,’ त्या म्हणाल्या, ‘त्या रातीचं म्हणता का? तो तर हसत आला ना माझ्याकडे.’

काका काही बोलले नाहीत.

‘मी पोळ्या करून राहिली होती. आला, ओट्यावर बसला. म्हणे, आई, बाबाच्या तोंडाले सावजीचा वास येते. मी म्हणली, भांडलास काय? म्हणे, तेच भांडले. भांडू दे. लकव्यानंतर पह्यल्यांदा इतक्या जोरात बोलले बाबा. एकेक शब्द क्लिअर होता.’

खोलीत एसीचा आवाज तेवढा.

‘असं म्हणला?’

‘हाव.’

‘जोरात बोलले, असं म्हणला?’

‘हाव ना. खुश झाला होता. म्हणे, रोज भांडलं पाह्यजे बाबाशी.’

काकांनी तिसऱ्यांदा विचारलं. मग चौथ्यांदा. सुमनताई प्रत्येक वेळी पहिल्यापासून सांगत होत्या, पोळीपासून, आणि प्रत्येक खेपेला एखादा नवा तपशील येत होता. तो ओट्यावर बसला तेव्हा त्यानं पिठाचा डबा सरकवला. त्यानं एक पोळी नुसतीच गुंडाळून खाल्ली. काका पाचव्यांदा विचारायला गेले आणि तेव्हा त्यांचा चेहरा फुटला.

मी दहा मिनिटं एक अक्षर बोलले नाही. एकोणीस वर्षांच्या प्रॅक्टिसमधलं माझं सगळ्यात चांगलं काम त्या दहा मिनिटांत झालं असं मला वाटतं. नव्यानं सुरुवात केली होती तेव्हा मी नक्की मध्ये तोंड घातलं असतं.

त्या रात्री मला झोप आली नाही. बापाकडे अपराध होता आणि त्यावरचं औषध आईकडे होतं, एका खोलीच्या अंतरावर, आठ महिने. तिला माहीत नव्हतं की तिच्याकडे औषध आहे. त्याला माहीत नव्हतं की मागायचं असतं. एकमेकांना त्रास नको म्हणून दोघं गप्प होते. माणूस जातो तेव्हा त्याचे तुकडे घरभर वाटले गेलेले असतात. आईकडे ओट्यावरचा माधव, बापाकडे दारातला, भावाकडे टॉर्चवरून ओरडणारा, बहिणीकडे बादलीवाला. ‘नाव काढावं की नाही’ असं मला कोणी विचारलं, की मी हल्ली त्या सावजीची गोष्ट सांगते.

अजून दोन-तीन गोष्टी सांगायच्या आहेत, कारण त्या याच घरात दिसल्या आणि पुष्कळ घरांत दिसतात.

निखिलला मी एकट्यालाच भेटले. वीस वर्षांचा मुलगा. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत होता, ‘आता तूच माधव.’ मंडळानं खंजिरीही त्याच्या हातात दिली होती. त्याला ती वाजवता येत नाही. त्याला दादा हवा होता, दादाची नोकरी नको होती. मागे राहिलेल्या भावंडाला गेलेल्याच्या जागी बसवू नका. त्यालाही भाऊ गेलाय, हे लोक विसरतात. फीसाठी मामा पुढे आले आणि खंजिरी भिंतीवर टांगली गेली. वाटलं तर घेईल, नाहीतर नाही.

कपडे, फोन, खोली यांच्याबाबत घाई करू नका आणि कोणाला करूही देऊ नका. चुलत सासू येऊन एका दुपारी कपाट रिकामं करून जाते, आणि पुढे दहा वर्षं त्यावरून भांडणं होतात. घरातल्या सगळ्यांना एकच दिवस मानवेल असंही नाही.

आणि समुपदेशकाच्या खोलीनं भागत नाही अशीही दुःखं असतात. मुलाच्या मरणाचं दुःख वर्षभरात संपावं असं कोणी म्हणत नाही. पण वर्ष उलटूनही माणूस रोजच्या रोज तसाच गुंतून पडला असेल, खाणं-झोप-कामधंदा उभाच राहत नसेल, किंवा ‘मलाही त्याच्याकडे जायचंय’ असं बोलणं येऊ लागलं, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला हवं. शेवटचं बोलणं आलं तर वर्ष उलटायची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी जायचं. हाताशी कोणी नसेल तर टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं. काकांना मी जूनमध्ये एका डॉक्टर मित्राकडे पाठवलंच. जुना लकवा, वरून हे ओझं. एकट्यानं मीच सगळं करेन असा माझा हट्ट कधीच नसतो.

जूननंतर त्यांचं येणं कमी झालं. मी बोलावलंही नाही.

पुण्यतिथीची गोष्ट मात्र सुमनताईंनी फोन करून सांगितली. महाराज गेले ते ११ ऑक्टोबर १९६८ रोजी, संध्याकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी. तिथीनं अश्विन वद्य पंचमीला गुरुकुंजात लाखो माणसं जमतात, आणि बरोबर ४.५८ ला सगळा सागर स्तब्ध उभा राहतो. मौन श्रद्धांजली. खंजिऱ्या थांबतात, दुकानदारसुद्धा हातातलं सोडून उभे राहतात. मग ते मौन संपतं, आणि प्रार्थना सुरू होते. माधवनं ठरवलेल्या गाडीवाल्यालाच या वर्षी त्यांनी बोलावलं, पण गाडीत जागा पुरेना म्हणून हे चौघं एसटीनं गेले.

‘उभी होती मी,’ त्या सांगत होत्या. ‘सारे चूप. आणि मले इतकं बरं वाटलं मॅडम, की एवढे लोक एकासाठी चूप आहेत, तर त्यात माझाबी गेला असंन मिसळून. मंग संपलं. बाजूले वर्ध्याकडची एक बाई होती. तिनं पाह्यलं माझ्याकडे. म्हणे, तुमचं कोणी गेलं का वो माय?’

‘मग?’

‘मंग काय? मी सांगतच बसली. कूलरचं, बँडचं, यायच्या सावजीचं. तिनं तिच्या सुनेलेबी बोलावलं ऐकाले. हे मागून हाका मारून राहिले, निखिल हाका मारून राहिला.’ त्या हसत होत्या, आणि या खेपेला तोंडावर हात गेला असेल असं मला फोनवरून तरी वाटलं नाही. ‘नागपूरची बस सुटली ना आमची.’